आठ दिवसांची सोबत

मननासाठीं : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय २०, वचनें २४ ते २९



प्रेषित थोमा ह्याचें नांव निघालें कीं त्यास एक विशेषण आपोआप चिकटतें, आणि तें म्हणजे 'संशयी'. पेत्रानें प्रभूस तीन वेळां नाकारिलें, तरी 'नाकारणारा पेत्र' असें त्यास कोणी म्हणत नाहीं. पौलानें मंडळीचा छळ केला, तरी 'छळणारा पौल' असें आम्ही मुलांस शिकवीत नाहीं. थोमाचा मात्र एक आठवडा त्याच्या सगळ्या आयुष्यावर पसरला आहे. वास्तविक, लाजराच्या गांवीं जाणें म्हणजे मरणाच्या तोंडीं जाणें हें ठाऊक असतांही, चला, आपणही प्रभूबरोबर मरूं, असें सोबत्यांस सांगणारा हाच थोमा होता (योहान ११:१६). शेवटच्या रात्रीं, प्रभु जातो कोठें हेंच आम्हांस कळत नाहीं, मग वाट कोठून कळणार, असें सर्वांसमक्ष विचारणाराही हाच (योहान १४:५). त्याच्या त्या प्रश्नास प्रभूनें जें उत्तर दिलें तें आज आमच्या कित्येक देवळांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांनीं लिहिलेलें आहे. थोमानें विचारिलें नसतें तर तें उत्तर आम्हांस कोठून लाभलें असतें?

ह्या अध्यायांत दोन प्रभुवारांची हकीकत आहे. पहिल्या प्रभुवारीं थोमा शिष्यांत नव्हता. दुसऱ्या प्रभुवारीं तो होता. मधल्या दिवसांविषयीं शास्त्र अगदीं थोडें सांगतें. तथापि जें सांगतें त्यांतच आमच्या आजच्या मंडळ्यांसाठीं मोठा धडा आहे. शंका घेणारा मनुष्य दहा साक्षीदारांच्या मध्यें आठ दिवस कसा राहिला, व दहा साक्षीदारांनीं त्यास कसा राहूं दिला, हें आज आपण पाहूं.

प्रथम त्या दहा शिष्यांकडे पाहूं. त्यांनीं प्रभूस डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांनीं ती आनंदाची वार्ता थोमास सांगितली, आणि त्यानें ती स्वच्छ नाकारिली. विचार करा, ही लहान गोष्ट नव्हे. तीन वर्षें एका ताटांत जेवलेल्या दहा भावांची शपथ त्यानें अपुरी ठरविली. आमच्या एखाद्या मंडळींत असें कोणी बोलला तर काय होईल? पंच जमतील, वडील रागावतील, त्यास प्रभुभोजनास बसूं द्यावें कीं नाहीं ह्याची चर्चा होईल, आणि त्याच्या बायकोस विहिरीवर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. परंतु ह्या दहांनीं त्यास बाहेर घातलें नाहीं. आठ दिवसांनीं दारें लावून शिष्य आंत बसले तेव्हां थोमा त्यांच्याबरोबर आंतल्या बाजूस होता. यहूद्यांच्या भयानें ज्या घराचीं दारें बंद होत होतीं, त्या घराचें दार थोमासाठीं उघडें राहिलें.

एवढी सहनशीलता त्यांच्या ठायीं कोठून आली? लूककृत शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय वाचा, म्हणजे कारण कळेल. पुनरुत्थानाच्या पहांटे बायका कबरेपासून धांवत आल्या व त्यांनीं सर्व वर्तमान कळविलें, तेव्हां ह्याच शिष्यांस तें पोकळ बोलणें वाटलें होतें. ज्यांनीं सकाळीं बहिणींच्या साक्षीवर विश्वास ठेविला नाहीं, त्यांनीं दुसऱ्या कोणास विश्वासहीन म्हणून झिडकारण्यास तोंड कोठें होतें? भावांनो, आपला विश्वास आपणांस बापाच्या शेतासारखा वांट्यानें मिळाला असा समज झाला, कीं दुसऱ्याची शंका असह्य होते. तो कृपेनें, आणि तोही उशिरां मिळाला ह्याची आठवण राहिली, तर शंका घेणाऱ्याजवळ बसण्यास जागा सांपडते.

आतां थोमाकडे पाहूं. त्यानें दोन गोष्टी केल्या नाहींत. त्यानें ढोंग केलें नाहीं. दहाजण गातात म्हणून आपणही ओठ हालवावे असें त्यास वाटलें नाहीं. आणि तो निघूनही गेला नाहीं. शंका आलेल्या मनुष्यासमोर हे दोन सोपे रस्ते नेहमीं असतात. एक, मनांत नाहीं तें मुखानें म्हणत राहणें. दुसरा, कोणास न सांगतां हळूच उठून जाणें. आमच्या खेड्यांतील कितीतरी तरुण मुलें शिकावयास शहरीं जातात, तेथें शंका मनांत उत्पन्न होतात, आणि नाताळास घरीं आलीं कीं आईबापांच्या समाधानासाठीं पहिल्या रस्त्यानें चालतात व परत गेलीं कीं दुसऱ्या. बापास वाटतें, मुलगा विश्वासांत आहे. मुलास वाटतें, येथें विचारण्याची सोय नाहीं. दोघांमध्यें प्रीति असूनही एका घरांत दोन मुके राहतात.

थोमाची शंका प्रामाणिक होती हें कशावरून ओळखावें? आपलें समाधान कशानें होईल हें त्यानें सांगून ठेविलें, आणि तें मिळेल त्या जागीं तो थांबून राहिला. नुसतें नाहीं म्हणणारे पुष्कळ असतात. काय दाखविलें असतां होय म्हणाल, असें विचारिलें तर त्यांजपाशीं उत्तर नसतें, कारण त्यांस होय म्हणावयाचेंच नसतें. बंधो, तुझ्या मनांत शंका असेल तर तिची लाज धरूं नको. पण स्वतःला हें एकदां विचारून पाहा, कीं मी शोधतों आहें, कीं पळतों आहें?

शेवटीं प्रभूकडे पाहूं. तो बंद दारांतून आला, सर्वांस शांति देऊन लागलाच थोमाकडे वळला, आणि थोमानें आठ दिवसांपूर्वीं ज्या ज्या गोष्टी मागितल्या होत्या त्याच त्यानें एकेक करून पुढें केल्या. ह्याचा अर्थ हाच, कीं थोमा तें बोलला तेव्हां प्रभु ऐकत होता. तो दिसत नव्हता, पण दूरही नव्हता. न पाहतां विश्वास ठेवणाऱ्यांस त्यानें पुढें धन्य म्हटलें खरें. परंतु तें थोमास हात दाखविल्यानंतर म्हटलें, आधीं नव्हे. आणि थोमाच्या मुखांतून तेव्हां जी कबुली निघाली तिच्याहून थोर कबुली त्या सबंध शुभवर्तमानांत कोणा शिष्याच्या तोंडीं नाहीं. ज्यानें सर्वांत मोठी शंका घेतली त्यानेंच येशूस आपला प्रभु व आपला देव म्हणून ओळखिलें.

प्रियहो, सर्व प्रश्न एकाच जातीचे नसतात, म्हणून सर्वांस एकच उत्तर देणें शहाणपणाचें नव्हे. वैद्य नाडी पाहिल्यावांचून पुडी देत नाहीं.

कांहीं प्रश्न जखमेंतून येतात. एखाद्या बहिणीचें मूल आजारी पडतें, मंडळी रात्रभर प्रार्थना करते, आणि पहांटे मूल जातें. पुढें ती बहीण विचारते, देवानें माझें कां ऐकिलें नाहीं? त्या वेळीं आमच्यांतील कोणी धीट मनुष्य म्हणतो, तुझा विश्वास उणा पडला. भावांनो, असें बोलणें ह्यासारखी दुसरी क्रूरता आम्हांस ठाऊक नाहीं. गेथशेमाने बागेंत प्रभूनें दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीन वेळां प्रार्थना केली, आणि तो टळला नाहीं. त्याचाही विश्वास उणा होता काय? पौलानें आपल्या शरीरांतील कांटा निघावा म्हणून तीन वेळां विनंति केली, आणि तो निघाला नाहीं. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. देवाची बाजू घेऊन ते बोलूं लागले तेव्हां चुकले. त्या ग्रंथाच्या शेवटीं देव कोणावर रागावला, हें शेवटचा अध्याय उघडून पाहा. ज्यानें ओरडून प्रश्न विचारिले त्यावर नव्हे, तर ज्यांनीं तयार उत्तरें दिलीं त्यांवर. तुरुंगांत पडलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेंही, येणारा तो तूंच काय, असें प्रभूस विचारून पाठविलें होतें. प्रभूनें त्यास दोष दिला नाहीं. आपण काय करीत आहों तें त्यानें निरोप्यांस दाखविलें, आणि ते गेल्यावर लोकांसमोर योहानाची थोरवी सांगितली (मत्तय ११:२-११). जखमेंतून आलेल्या प्रश्नाजवळ आधीं बसावें लागतें. बोलणें मागाहून.

कांहीं प्रश्न बुद्धीचे असतात. शब्बाथ शाळेंत एखादा मुलगा विचारतो, काइनास बायको कोठून मिळाली? गांवच्या पारावर शेजारी विचारतो, तुमचा देव एक कीं तीन? असें विचारणाऱ्यास दटावूं नये. मुलास उत्पत्तीचा पांचवा अध्याय उघडून द्यावा. आदामास आणखी पुत्र व कन्या झाल्या असें तेथें लिहिलें आहे, तें त्यानेंच वाचून काढावें. स्वतः शोधून काढलेलें एक उत्तर शिक्षकानें सांगितलेल्या दहा उत्तरांहून अधिक टिकतें. शेजाऱ्यास सूर्य, त्याचा प्रकाश व त्याची ऊब ह्यांचा दृष्टांत सांगण्याची आमच्यांत चाल आहे. दृष्टांत सांगण्यास हरकत नाहीं. पण तो पुरावा नव्हे, हें आपणच त्यास सांगावें. शिष्य तर एकाच देवाचें नांव घेणारे यहूदी होते. येशूमध्यें तोच देव त्यांस भेटला, आणि पुढें पवित्र आत्म्याच्या द्वारें तोच त्यांच्यांत राहिला. ह्या अनुभवास शब्द शोधतां शोधतां मंडळीस त्र्यैक्याचें मत सांपडलें. तें मत गणिताचें कोडें म्हणून जन्मास आलें नाहीं. बिरुया गांवच्या लोकांनीं पौलाचें सांगणेंसुद्धां शास्त्राशीं ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची स्तुतीच आहे (१७:११).

आणि कांहीं प्रश्न जाळें टाकण्यासाठीं असतात. कर द्यावा कीं नाहीं हें विचारावयास आलेल्यांचा कावा प्रभूनें ओळखिला, तरी त्यांस उत्तर दिलें. हेरोदानें मात्र पुष्कळ प्रश्न केले, आणि त्यास त्यानें एकही शब्द दिला नाहीं (लूक २३:९). मौन हेंही कधीं कधीं उत्तर असतें. पण तें शेवटचें असावें, पहिलें नव्हे.

आमच्याच महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक उदाहरण येथें सांगितलें पाहिजे. पंडिता रमाबाई ह्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें झाला. ही बाई संस्कृत शास्त्रांत निपुण. तिनें शास्त्री पंडितांच्या सभा पाहिलेल्या. तिनें मान लववून सर्व कांहीं मुकाट्यानें मान्य करावें असें ज्यांस वाटलें, त्यांची निराशा झाली. पुढील दोन वर्षांत तिनें त्र्यैक्य, ख्रिस्ताचें देवत्व व मंडळीचा अधिकार ह्यांविषयीं इतके टोंकदार प्रश्न विचारिले, कीं वाँटेजच्या मठांतील तिच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन ह्यांस त्यांत गर्व दिसूं लागला. रमाबाईंचें म्हणणें असें, कीं स्वदेशांतील भिक्षुकशाहीचें जूं मानेवरून नुकतेंच उतरलें असतां दुसरें जूं आम्ही कां घ्यावें? चेल्टनहॅम येथील कन्याविद्यालयाच्या मुख्य बाई डोरोथिया बील ह्यांनीं मात्र रमाबाईंच्या प्रश्नांस प्रश्न समजून पत्रोपत्रीं उत्तरें लिहिलीं. त्या बाईंनींही स्वतः शंकेचा काळोख अनुभविला होता. हा पत्रव्यवहार पुढें १९७७ सालीं ग्रंथरूपानें छापला गेला, आणि तो वाचतांना प्रीति व अधिकार ह्यांची ओढाताण पानोपानीं दिसते.

मग पुढें काय झालें? रमाबाई प्रश्न विचारीत राहिल्या आणि ख्रिस्ताजवळही राहिल्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त अजून मिळाला नव्हता, अशी जाणीव आपणांस झाल्याचें त्यांनीं आपल्या साक्षींत लिहून ठेविलें आहे. थोमास आठ दिवस लागले. रमाबाईंस आठ वर्षें लागलीं. त्या आठ वर्षांत कोणी त्यांस दाराबाहेर घातलें असतें, तर दुष्काळांत उपाशी मुलींस पोटाशीं धरणारें केडगांवचें मुक्तिसदन कोठें राहिलें असतें? मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून खेड्यांतील बायकांस समजेल अशा मराठींत त्यांनीं सबंध पवित्र शास्त्राचें जें भाषांतर केलें, तें तरी कोठून आलें असतें? ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. तें भाषांतर त्यांच्या मागें, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें.

ज्यांच्या लेखनाचा रमाबाईंच्या मनावर मोठा परिणाम झाला, ते नहेम्या (नीळकंठशास्त्री) गोऱ्हे हे काशीचे पंडित. ते मिशनऱ्यांचें खंडन करावयास गेले, आणि १८४८ सालीं जौनपुर येथें बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ताचे झाले. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनीं त्यांची पाठ सोडिली नाहीं. तरी १८९५ सालीं मुंबईत मरण येईपर्यंत ते प्रभूच्या सेवेंत राहिले. सर्वांच्या शंका थोमाप्रमाणें एका क्षणांत मिटत नाहींत. कित्येकांस त्या अंगावर वागवीत चालावें लागतें. म्हणून त्यांचें चालणें खोटें ठरत नाहीं.

आतां बाहेरच्या लोकांशीं वाद करण्याविषयीं. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनारीं विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी ह्यांच्यामध्यें जो वादविवाद झाला तो प्रसिद्ध आहे. बावांचे प्रश्न कडक होते. उत्तरेंही कडक होतीं. त्या वादानें बावा ख्रिस्ती झाले नाहींत. पुढें १८५९ सालीं त्यांनीं 'वेदोक्तधर्मप्रकाश' प्रसिद्ध केला. त्या वादाचा वृत्तांत इंग्रजींत छापणारे जॉर्ज बोवेन हे तरुणपणीं अमेरिकेंत अनेक वर्षें स्वतः नास्तिक होते. त्यांची वाग्दत्त वधू १८४४ सालीं क्षयानें वारली. तिनें मागें ठेविलेलें पवित्र शास्त्र ते तिच्या प्रीतीस्तव वाचूं लागले. त्यानंतर ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांविषयींचें एक पुस्तक त्यांच्या हातीं आलें, आणि त्यांचें मन वळलें. प्रमाणें निरुपयोगी नव्हेत. पण प्रीतीनें दार लोटिल्याशिवाय तीं उंबऱ्याबाहेरच उभीं राहतात. १८४८ सालीं ते मुंबईस आले, मिशनचा पगार सोडून गरिबींत राहिले, आणि १८८८ सालीं तेथेंच वारले. विरोधकांनींही ज्यांचा आदर करावा असें त्यांचें आयुष्य होतें. वाद जिंकणें आणि मनुष्य जिंकणें ह्यांत केवढें अंतर आहे हें त्यावरून कळावें. आपल्या आशेचें कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सिद्ध असावें, असें पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत लिहितो; पण त्याच वचनांत सौम्यतेची व आदराची अट तो घालतो (१ पेत्र ३:१५). आम्ही पहिला भाग पाठ करितों आणि अट विसरतों. शेजाऱ्याच्या देवास हंसून आपल्या देवाची महती वाढत नाहीं.

म्हणून मंडळ्यांच्या वडिलांस व पाळकबंधूंस आमची नम्र सूचना आहे.

पहिली ही, कीं आठवड्यांतून एक संध्याकाळ अशी असावी, जेव्हां कोणीही, लहान मूलसुद्धां, कांहींही विचारूं शकेल, आणि त्या विचारण्यावरून त्यास पुढें कोणी हिणवणार नाहीं. दुसरी ही, कीं ज्याचें उत्तर येत नाहीं तेथें येत नाहीं असें सांगावें, व पुढच्या आठवड्यापर्यंत शोधावें. ठाऊक नाहीं असें म्हणणाऱ्या पाळकाचा मान जात नाहीं. खोटें उत्तर देणाऱ्याचा जातो, आणि त्याच्याबरोबर शुभवर्तमानाचाही. तिसरी ही, कीं जो शंकित झाला त्याच्या घरीं जाणेंयेणें थांबवूं नये. त्याच्या शेतांत लावणी असेल तर हात लावावा, त्याचें मूल आजारी असेल तर बसावें. संशयांत असणाऱ्यांवर दया करा, असें यहूदा आपल्या लहानशा पत्रांत सांगतो. त्यांचा पराभव करा असें तो सांगत नाहीं.

आणि ज्या बंधूच्या किंवा भगिनीच्या मनांत आज शंका आहे, त्यांस आम्ही एवढेंच म्हणतों. ज्या बापानें प्रभूसमोर रडत आपला विश्वास व आपला अविश्वास एका श्वासांत कबूल केला (मार्क ९:२४), त्याचें मूल बरें झालें. तुमचा विश्वास पुरा होईपर्यंत प्रार्थना थांबवूं नका. अर्ध्या विश्वासानेंही करा. तुमचा प्रश्न देवासच सांगा. आसाफानें सांगितला, हबक्कूकानें सांगितला, आणि त्यांचे ते प्रश्न देवानें आपल्या शास्त्रांत जपून ठेविले. आणि पुढच्या प्रभुवारीं घरीं राहूं नका. पहिल्या प्रभुवारीं थोमा बाहेर होता, म्हणून त्यानें पाहिलें नाहीं. दुसऱ्या प्रभुवारीं तो शंकेसहित आंत होता, आणि त्यानें पाहिलें.

भावांनो, येत्या उपासनेस बसतांना आपल्या शेजारीं कोणासाठीं जागा ठेवावयाची आहे, ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा. ज्याच्या हातांत अजूनही खिळ्यांचे वण आहेत, तो प्रभु आमच्या मंडळ्यांस आठ दिवस वाट पाहण्याची शक्ति देवो. आमेन.